शक्यतो सिंधुदुर्गातच

माझी नात संचिता कुणकेश्वरला एका लॉजचं काउंटर सांभाळते. वैशाखातल्या एका दुपारी ती माझ्या पुस्तकांच्या खोलीत आली.

"आजोबा, पुण्याच्या मोठ्या हॉटेलात जागा आसा. माका रेझ्युमे लिवन देवा. तुमचा इंग्लिश पुस्तकातला, चांगला."

पुस्तकातलं, एवढं खरं. चांगलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. माझं आयुष्य गावच्या वाचनालयात गेलं. तिथे कुणी फारसं बोलायचं नसतं, म्हणूनच मी टिकलो असेन. स्वतःच्या नोकरीचा अर्जसुद्धा माझ्या वडिलांनी लिहिला होता. पण नातीला नाही म्हणायचं, तर त्यालाही धीर लागतो.

खाडाखोड करत मी इंग्रजीत एक कागद तयार केला. मराठीत सांगायचं तर तो असा होता: अत्यंत नम्रपणे कळवते की, मी लहानशा गावातल्या साध्या घरची मुलगी आहे. वडील बोटीवर, घरी आई आणि वृद्ध आजोबा. तरी सहानुभूतीने विचार व्हावा. मला तो बरा वाटला होता.

संचिता वाचत अर्ध्यावर आली आणि हसत सुटली. "आये, हयसर ये गो! आजोबांनी गाऱ्हाणां घातल्यानी!"

सारिका, माझी सून, हात पुसत दारात आली आणि तीही पदराआड हसली. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवापुढे नारळ ठेवून जाणता माणूस मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. आपली अडचण सांगतो, सांभाळून घे म्हणतो, आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माझ्या कागदाला फक्त नारळ तेवढा कमी होता.

"देवाक गरज सांगूची," संचिता म्हणाली. "हॉटेलवाल्याक माझी गरज कित्याक होई? मी काय केलंय, ता तेका होया."

"मग सांग, काय केलंस?"

"काय केलंय? काउंटरार बसतंय."

हसणारी मुलगी, पण आपल्या तोंडाने आपलं केलेलं सांगायची वेळ आली तशी माझ्यासारखीच पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

मग मीच आठवण करून दिली. महाशिवरात्रीच्या जत्रेत लॉजमालकाने त्याच खोल्या दोन-दोन कुटुंबांना देऊन ठेवल्या होत्या. लोक काउंटरवर हात आपटत होते. हिने प्रत्येकाला पाणी दिलं, बायका-मुलांना सावलीत बसवलं आणि शेजारच्या घरांतून सगळ्यांची सोय लावली. एक कुटुंब तर माझ्याच खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला पाय लावून झोपलं होतं. जाताना त्या बाई हिच्या केसांत गजरा माळून गेल्या.

"ता पण लिवचा?"

"तेच लिहायचं."

ते दोन ओळींत बसवलं. घराची माहिती गेली, वृद्ध आजोबा गेले, घरापर्यंतच्या खाणाखुणांसकट दिलेला पत्ता गेला. नुसतं गाव राहिलं. कागद नेटका होत गेला, आणि मला तो पुनःपुन्हा खराब करावासा वाटू लागला.

शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "'कामाचे ठिकाण शक्यतो सिंधुदुर्गातच.' ह्यां मी खंय सांगलंय?"

"चुकून इला," मी म्हणालो.

ती या वेळी हसली नाही. मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. एकदा खोडून दिसत राहिली, म्हणून पुन्हा खोडली.

पुण्याहून बोलावणं आलं, मुलाखत झाली, जागा मिळाली. कागदामुळे मिळाली, असं ती सगळ्यांना सांगत होती. मला ते ऐकवत नव्हतं.

निघायच्या सकाळी बॅगा लोट्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत आल्या. गाऱ्हाणं घालायला आमच्याकडे नेहमी शेजारचा बाबली येतो. तो नेमका कसालला लग्नाला गेला होता.

"आजोबा, तुमी घाला," संचिता म्हणाली.

"माका नाय जमाचा गो."

"लिवल्यात तेवा जमला मा? आता बोला."

तुळशीपुढे नारळ ठेवला. चार माणसांत माझा आवाज कधी निघाला नव्हता. तो निघाला, तर कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज पुण्याक जाता हा. तेच्या हाताक यश दी."

"व्हय म्हाराजा!" दोघी म्हणाल्या.

"नव्या जाग्यार तेका सांभाळून घी."

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवं होतं. रिक्षावाला हॉर्न देत होता. पण मी तसाच उभा राहिलो. खोडलेली ओळ घशात आली होती, आणि इथे ती खोडणारं कुणी नव्हतं.

"आणि म्हाराजा... जत्रेक तेका घराक घेवन ये. दरवर्साक."

सारिका म्हणाली, "व्हय म्हाराजा."

संचिता खाली वाकली, नारळाची शेंडी नीट केली. तिचाही 'व्हय म्हाराजा' आला, पण इतका बारीक, की तो खरंच आला की मला हवा होता म्हणून ऐकू आला, ते अजून कळलेलं नाही.