तीन नगांचा ठेका

माझ्याकडे सात ड्रम होते आणि अंगात चौदा ड्रमांची मस्ती होती. आज हे मी कबूल करतो. २००६ च्या वैशाखात कोणी असं तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी हातघाईवर आलो असतो.

अमरावतीला माणिकबाईंच्या बँड पार्टीत मी सहा वर्षं वाजवत होतो. पायाशी मोठा ड्रम, मांडीपुढे साईड ड्रम, त्यांच्याभोवती लहानमोठे पाच आणि वर तीन झांजा, त्यातली एक पायानं मिटायची जोडी. झांजा मी चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचो. वरातीतली माणसं नवरदेव सोडून माझ्याकडे बघायची आणि मला ते फार आवडायचं. दुसरं काही मला येतही नव्हतं. घरचं शेत भाऊ बघत होता आणि त्या वर्षांत शेताकडे वळायची माझी छाती नव्हती.

माणिकबाई नवऱ्यामागे एकट्यानं पार्टी चालवत. बोलणं कमी, पण जे बोलत ते दगडावरची रेघ. त्या वैशाखात त्यांची जुनी मॅटाडोर कायमची बसली. त्यांनी मला बोलावून सांगितलं.

"गोपाल, आता लोडिंग ऑटो. त्यात चार बाजेवाले बसतीन अन् ड्रमाचे तीन नग मावतीन. तिनात वाजवता येत असन त जागा तुही. नाही त मी अकोल्याच्या हुसेनचाचाले कायमचं बोलावते. ते तिनातच वाजवतात."

"तिनात काय वाजते बाई? डबडं?"

"परवा भातकुलीकडं लग्न हाय. शेजाऱ्याचा टेम्पो मिळून राहिला, शेवटच्या खेपेले सातही घेऊन घे. चाचालेबी बोलावलं हाय. दोघंही वाजवा. मी पायते."

म्हणजे माझी जागा एका वरातीवर टांगली होती. त्या म्हाताऱ्याला असं झाकोळून टाकायचं की बाईंनी पुन्हा तिनाचं नाव काढू नये, असं मी ठरवलं.

लग्न दुपारी साडेबाराचं होतं. हुसेनचाचा पहिल्या एसटीनं सातलाच उतरले. पासष्टीचा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर दुपट्टा आणि हातात फक्त दोन काड्या. आमचं सगळं सामान एका हातगाड्यावर बांधून मी तयार होतो. चाचांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ गावात शिरले. जानोशापासून, म्हणजे नवरदेवाची मंडळी उतरली होती त्या शाळेपासून, मांडवापर्यंतची गल्ली त्यांनी पायी धरली. हापशीवर बायांशी बोलले, पारावर बसलेल्या बुढ्यांशी बोलले. मी मागेमागे गेलो, थट्टा करायलाच.

"चाचा, रस्ता मोजून राहिले काय?"

"रस्ता नाही बेटा, दारं. कोणाकोणाच्या दारात वाजवाचं नाही ते पायतो."

आमच्याकडे ज्या घरचं माणूस वर्षाच्या आत गेलं असेल, त्या घरासमोर बाजा वाजवत नाहीत. घर जवळ आलं की गावातला कोणीतरी हात वर करतो, बाजा थांबतो, आणि घर ओलांडलं की पुन्हा सुरू होतो. एवढं मलाही ठाऊक होतं.

"कोणी हात वर करन, तवा थांबू. त्याच्यासाठी सकायपासून पायपीट काहून?"

"हात वर होईस्तोवर दार येऊन जाते बेटा," चाचा म्हणाले. मग बोटं मिटत मिटत त्यांनी हिशेब सांगितला. "सहा हायेत."

एका गल्लीत सहा. पूर्वी एखाददुसरं असायचं. त्या वर्षांत आमच्या भागात अशी घरं गावोगाव वाढली होती. पेपरवाले शेतकऱ्यांचे आकडे छापत होते आणि हुसेनचाचा दारं मोजत होते. मला मात्र त्या सकाळी सहा दारांपेक्षा माझे सात ड्रम मोठे वाटले.

दहाला वरात निघाली. हातगाड्यावर मी, गाडा ढकलायला दोन गडी, पुढे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट, त्यापुढे नाचणारे, आणि मागे घोड्यावर नवरदेव. मी जीव ओतून वाजवलं. पोरं घामानं भिजेपर्यंत नाचली. मारुतीशी नारळ फुटला, गल्ली वळली आणि मी माझी खास फिरकी काढली. डावीकडच्या लहान ड्रमापासून सुरू करून सातही ड्रमांवरून धावत जायचं आणि शेवटी तिन्ही झांजांवर एकदम हाणायचं, अशी ती फिरकी.

निम्म्यात असताना पुढे एका माणसाचा हात वर गेलेला मला दिसला. पण निघालेले हात मध्येच मागे फिरत नाहीत. बाजेवाले थांबले आणि त्या शांततेत माझे चार ड्रम आणि तीन झांजा एकट्याच वाजल्या. एक झांज मी हातानं धरली. दुसऱ्या दोन घणघणतच राहिल्या.

ओट्यावर एक बाई सूप घेऊन तूर पाखडत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी तो झेलला असता, पण राग नव्हता. झांज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली, सुपातली तूर अर्धी पाखडलेली.

गाडा ढकलणारा गडी हळूच म्हणाला, "मैनाबाई. पोरगा गेला तिचा मागच्या पोयाले. कोणाचीबी वरात असो, सगळ्यात पुढं तोच नाचे."

मागचा पोळा, म्हणजे अजून वर्षही भरलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे तर फजितीच सुरू झाली. दोन घरं झाली की पुन्हा हात वर, पुन्हा सगळं बंद. माझ्या सात ड्रमांना रंगात यायलाच अर्धी गल्ली लागायची आणि रंग भरतोय तोवर पुढचं दार यायचं. नाचणारे कंटाळले, उभे राहिले, इकडंतिकडं बघायला लागले. तिसऱ्या दारानंतर नवरदेवाचा मामा म्हणाला, "राहू द्या हो, बिना बाज्यानं जाऊ." हे ऐकून नवरदेवाच्या आईचा चेहरा उतरला. चार माणसं मुकाट्यानं गल्लीतून चालतात ती कशासाठी, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. लग्नाची वरात तशी न्यायची नव्हती.

माणिकबाईंनी हुसेनचाचांकडे पाहिलं.

चाचा गाड्यावर चढले. त्यांनी माझा एकेक ड्रम सोडून खाली दिला, कडेवरचं लेकरू दुसऱ्याकडे द्यावं तसा, जपून. पायाचा ड्रम ठेवला, साईड ड्रम ठेवला आणि पायानं मिटायची झांजेची जोडी ठेवली. तीन नग. खांद्यावरचा दुपट्टा मोठ्या ड्रमावर टाकला. साईड ड्रमाच्या पोटाखालच्या तारा ढिल्या केल्या, तशी त्याची खरखर गेली आणि आवाज खोल झाला. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वाजवायला म्हणजे काय, एक ठोका दिला आणि गप्प बसले. पुन्हा एक दिला, पुन्हा गप्प. मी मनात म्हटलं, झालं, संपला म्हातारा.

पण ते गप्प बसत होते तेवढ्यात माणसांचे पाय पडत होते. चाचा एक वाजवायचे आणि दोनाची जागा सोडायचे, आणि ती जागा वरात भरायची. दहा पावलांत सगळी गल्ली एका ठेक्यावर चालू लागली. मग तोच एक साईड ड्रम बोलायला लागला. मध्यावर मारला की एक आवाज, कडेवर मारला की दुसरा, काडी आडवी टेकवून मारली की लाकडाचा तिसरा. डाव्या कोपरानं कातडं दाबत त्यांनी आवाज असा चढवला की ट्रम्पेटवाला वळून बघायला लागला. माझे पाच ड्रम गावातल्या पोरांच्या काखेत होते, आणि त्या पाचांचे आवाज मला त्या एकातून ऐकू येत होते. मी सहा वर्षं ज्याच्यावर हात मारला तोच तो ड्रम होता.

चौथं दार आलं. कोणाचा हात वर व्हायच्या आत, दाराच्या दोन ठोके आधी, चाचांनी दोन्ही काड्या वर उचलल्या. बाजे थांबले. सगळं शांत झालं.

आणि पाय चालतच राहिले.

दीडशे माणसं त्या दारावरून गेली. कोणी बोललं नाही, कोणी नाचलं नाही, पण पाऊल एकाचंही चुकलं नाही. धुळीत पडणारा तो मऊ आवाज मला गाड्याशेजारी चालताना ऐकू येत होता, आणि त्यात ठेका होता. न वाजवलेला ठेका मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. घर ओलांडलं, चाचांची काडी खाली आली, आणि ती नेमकी पावलावर आली, राईभरही इकडंतिकडं नाही. पाचवं दार तसंच गेलं. सहावंही. मांडवात शिरताना नवरदेवाची आई हसत होती.

जेवणं झाल्यावर मी चाचांजवळ जाऊन बसलो.

"चाचा, हे कसं केलं?"

"मी कुठं काय केलं? माह्याजवळ सामानच नाही. सामान नसलं की माणसाले मांगा लागते बेटा. मी लोकाईचे पाय मांगून घेतो."

"पयलेपासून तिनावरच बसता?"

"नवावर बसत होतो अकोल्याले." त्यांनी सुपारी फोडली. "माह्याकूनबी एक दार चुकलं होतं."

पाचला नवरीची पाठवणी निघाली. त्याच गल्लीतून परत जानोशाला. मी बाजूला उभा होतो, तर चाचांनी काड्या माझ्या हातात दिल्या.

"आता तू बस."

"चाचा, मैनाबाईचं दार लागते."

"म्हणूनच."

माणिकबाई पाहत होत्या. मी बसलो. पहिल्या मिनिटात माझी काडी दोनदा हवेत गेली, जिथं ड्रम नव्हता तिथं. गाडा ढकलणारा फिदीफिदी हसला. मग मी हात आवरले. एक वाजवला आणि दोनाची जागा सोडली. ती जागा सोडताना भीती वाटते. आपण काही वाजवत नाही, आता लोक काय म्हणतील, असं वाटतं. पण सोडली, आणि पाय आले. कोणी दिलेलं काही इतकं सरळ माझ्या हातात कधी पडलं नव्हतं.

दारं आता उलट्या क्रमानं आली. एक झालं, दोन झाली, पाचही झाली. मग कडुलिंब, हापशी आणि मैनाबाईचा ओटा. दोन ठोके आधी मी काड्या उचलल्या. शांत झालं. पाय चालत राहिले.

आणि त्या पायांत आणखी एक आवाज मिसळला. फट. फट.

मैनाबाई ओट्यावर पाखडत होती. मान खाली. आधी तिचं सूप तिच्या लयीत चाललं होतं, मग दोन झटक्यांत ते आमच्या पावलांवर आलं. तिनं मान वर केली. वरातीच्या अगदी पुढे, जिथं सगळ्यात पहिला नाचणारा असतो, तिथं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिनं आणखी तीन झटके दिले, आधीपेक्षा जोरात. गाडा ओट्याला लागून चालला होता. सुपात एक दाणाही नव्हता.

रिकामं सूप आमच्याकडे कोणी पाखडत नाही; ती वाजवत होती.

मी काड्या खाली आणल्या नाहीत. तिचं दार पूर्ण ओलांडेपर्यंत ठेका तिचा होता. दीडशे माणसं त्यावर चालली, नवरी चालली, आणि मी हात वर धरून नुसता बसून होतो. ओटा मागे पडला तेव्हा तिचा शेवटचा झटका ऐकून मी माझा पहिला ठोका दिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

जानोशाशी टेम्पो उभा होता. माणिकबाई म्हणाल्या, "ऑटोत तीनच चढवत जा आता."

"अन् चाचा?"

"चाचा त दाखवाले आले होते." चाचा तोवर एसटीच्या रस्त्याला लागलेही होते, हातात दोन काड्या.

त्यानंतर प्रत्येक लग्नाच्या गावात मी सातला पोचायचो आणि दारं मोजायचो. पुढच्या वैशाखात आम्हाला पुन्हा त्याच गावात लग्न लागलं. हापशीवर मैनाबाई पाणी भरत होती. तिनं मला ओळखलं. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "पाच हायेत औंदा."

मी बोटांवर धरायला लागलो. पहिलं वळणावरचं...

"वयणावरचं माह्यं हाय. ते धरू नको," ती म्हणाली. "पोयाले वरीस झालं. माह्या दारात थांब अन् वाजव. त्याले आवडे."

दहाला वरात आली. तिच्या दारात मी गाडा थांबवला आणि तिन्ही नग वाजवले.