बुधवार कुणाचा

लातूरचा जिल्हा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. जिल्ह्याला कचेरी आली, साहेब आले, जीपगाड्या आल्या. गावाला आला एक टँकर, रोज एका वस्तीसाठी. कुणाला कोणता वार, हे ठरवायला पारावर बैठक बसली. सोमवार महादेवाचा म्हणून वरच्या गल्लीनं उचलला, शनिवार मारुतीचा म्हणून तालमीनं. बुधवारी शेजारगावचा बाजार, घरात माणूस नसतं, म्हणून तो कुणी घेईना.

"द्या आमाला," बौद्धवाड्यातली सरजाबाई उभी राहिली. "बुद्धाचाच वार हाय तो."

पार खो खो हसला. हसत हसतच तिच्या पदरात बुधवार टाकला.

वैशाखात टँकर आठवड्यातून एकच खेप करू लागला, आणि ती खेप नेमकी बुधवारी पडली. झालं! ज्या वाराकडं कुत्रं बघत नव्हतं, त्याच्यावर सगळं गाव तुटून पडलं. सरपंच व्यंकटराव वाटेत उभे राहून ड्रायव्हरवर ओरडले, "वरच्या विहिरीवर घे रे!"

सरजाबाई रिकामी घागर घेऊन चाकापुढं बसली. "वार आमचा हाय. बैठकीत दिलाय."

"बुद्धाचा म्हणून घेतलास ना, सरजे? त्याचा न्हाईच तो! खोटं सांगून घेतलेला वार टिकत नसतो. सांगा हो गुरुजी."

अनंतराव गुरुजी खाली बघत म्हणाले, "बुध हा ग्रह, सरजाबाई. पुराणात त्याला चंद्राचा मुलगा म्हणतात. त्याच्यावरून बुधवार. बुद्धाचा नव्हे."

दीक्षा घेतली त्या साली केरबानं, सरजाबाईच्या नवऱ्यानं, तिला बुधवार बुद्धाचा असं सांगितलं होतं. तो गेला तरी दर बुधवारी तिनं मेणबत्ती लावली होती. माणूस चुकला होता तर. पण वाड्यातली लेकरं तहानेली होती, आणि रडायला आत्ता सवड नव्हती.

"मंग बुध म्हंजी काय, गुरुजी? नुसतं नाव, का अर्थ हाय?"

"जाणता. जागं होणं, जाणणं, असा मूळ धातू आहे."

"आन् बुद्ध?"

गुरुजी चष्मा पुसू लागले. व्यंकटरावांनी डोळे वटारले. तरी गुरुजी बोलले, "धातू तोच. बुद्ध म्हणजे जागा झालेला."

"म्हंजी एक न्हाईत, पण भावकी हाय!" सरजाबाई उठली. "बुद्धाचा नसंल, जाग्याचा तर हाय? बैठकीत तुमी निजला व्हता, सरपंच. मी जागी व्हते."

आता हसू दुसऱ्या बाजूनं फुटलं. पण तिची नजर सरपंचांच्या मागं गेली. तिथं वरच्या गल्लीतल्या बाया कोरड्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

"टँकर आमच्याच आडात रिता व्हईल," ती म्हणाली. "तहान आसंल त्यानं यावं. रांगेत. कुणाला न्हाई म्हननार न्हाई."

हसू विरलं. त्या आडावर वरच्या गल्लीतलं माणूस कधी वाकलं नव्हतं. घसा वाळून काथ्या झाला तरी विटाळ न सोडणारी ही जात! टँकर वाड्याकडं वळला, तरी कुणी हलेना.

मग व्यंकटरावांचीच बायको, पार्वतीबाई, घागर कमरेवर घेऊन निघाली.

"कुठं निघालीस?" व्यंकटराव खेकसले.

"बुधवार हाय," ती मागं न बघता म्हणाली.

आडाशी पोचताच सरजाबाईनं तिच्या हातात पोहरा दिला.