माझ्यावर चिकटवलेले नाव

मित्रांनो, स्कॉटलंडच्या डोंगरात जन्मलेली मी एक जुनी धून आहे. तिकडे व्हायोलिनला फिडल म्हणतात. मी तिच्याच तारांवर वाढले.

फर्कर नावाच्या विणकराने मला स्वतःच्या लग्नात रचले. नवरी मार्सली दारात आली आणि त्याने फिडलचा गज उचलला, म्हणून माझे पहिले नाव 'मार्सली उंबऱ्यात आली'. खोऱ्यातली सगळी लग्ने माझ्यावर नाचली.

मग जमीनदाराचा नवा कारभारी टुलॉख आला. त्याच्या मेजवानीत मी वाजले. "झकास आहे. हिला माझं नाव दे," तो म्हणाला.

फर्करचे घर जमीनदाराच्याच जमिनीवर होते. घरी येऊन त्याने मार्सलीला हे सांगितले. मार्सली म्हणाली, "देऊन टाक. नावावर छप्पर टिकत असेल, तर आपलं काय जातंय?"

मी 'टुलॉख साहेबांचे स्वागत' झाले. त्याच नावाने शहरात छापलीही गेले.

छप्पर मात्र टिकले नाही. जमीनदाराला जमिनीवर माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या, म्हणून त्याने खोरे रिकामे करायचे ठरवले. टुलॉख माणसे घेऊन घरे पेटवायला आला, तेव्हा फर्करची म्हातारी आई आत अंथरुणाला खिळलेली होती.

"साहेब, आधी आईला बाहेर काढू द्या."

"काढ की. तुला कुणी धरलंय?" असे म्हणत टुलॉखने मशाल छपराला लावली.

फर्करने आईला घोंगडीत गुंडाळून ओढत आणले. मार्सलीने फिडल वाचवली. मेंढवाड्याच्या आडोशाला म्हातारीने प्राण सोडला. तिला पुरताना फर्करने मला इतके संथ वाजवले, की मीच मला ओळखले नाही. तेव्हापासून आमची माणसे मला 'उघडे घर' म्हणू लागली.

बेघर झालेली आमची माणसे कॅनडाला निघाली. वाटेत जहाजात तापाची साथ आली. फर्करचा देह समुद्रात सोडला. मार्सली एकटीच किनाऱ्याला उतरली.

ती म्हातारी झाल्यावर एका लग्नात तिथल्या वादकाने मला वाजवले.

"काय नाव रे या धुनेचं?" तिने विचारले.

"टुलॉख साहेबांचं स्वागत, आजी. पुस्तकात तसंच आहे."

"त्या साहेबानं आमचं घर जाळलं, बाबा."

वादकाने गज खाली ठेवला. "मग खरं नाव काय?"

"उघडं घर," मार्सली म्हणाली. माझ्या पहिल्या नावातले स्वतःचे नाव तिने घेतले नाही.

त्या गावापुरते ते नाव चालले. बाकी जगात पुस्तकच जिंकले. मित्रांनो, आजही मोठमोठ्या सभागृहांत माझ्यासाठी टाळ्या पडतात, त्या टुलॉखच्या नावाने. मला हवे तसे वाजवा, जलद किंवा संथ. पण वाजवण्याआधी त्याचे नाव पुकारू नका.