बापूरावांच्या हाताचा वास

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बापूराव मामाजींनी, उभ्या जन्मात एक बिडी ओढली नाही. वळल्या मात्र लाखो. चाळीस वर्षं मांडीवर सूप आणि नाकात तंबाखूची धूळ. आता चार पावलं चालले तरी छातीचा भाता व्हायचा. चंद्रपूरच्या दवाखान्यात छातीचे डॉक्टर गुरुवारीच बसत, तेही बारापर्यंत. मागच्या वेळी ते म्हणाले होते, तुम्ही भरता तो तंबाखू आणि चार बिड्या आणा, मला बघायचंय. मामाजींनी दोन्ही कागदात बांधून पिशवीत घेतलं.

गोंडपिपरीहून सकाळची मोटार धरली. शहाऐंशीचा मे महिना. मोटारीत नवीन पाटी लागली होती, ‘धूम्रपानास सक्त मनाई’. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कोणीतरी आमच्यासारख्यांचा विचार केला, असं वाटलं.

कोठारी गाव सुटलं आणि धूर आला. पुढच्या सीटवर बिडीच्या तेंदूपानांचा ठेकेदार आरामात सिगारेट ओढत होता. मामाजी खोकून खोकून निळे पडले.

मी कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, मामाजीले दम लागून राह्यला. त्यायले सिगारेट इझवायले सांगा नं. पाटी हाये."

कंडक्टरनं ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदारानं खिडकीबाहेर पाहिलं. मग कंडक्टर मेला आमच्याकडेच वळला, मामाजींचा हात धरला आणि चक्क नाकाला लावला.

"बुढ्याच्याच हाताले वास येते! पिशवी दाखव."

पिशवीतून तंबाखू निघाला. चार बिड्या निघाल्या.

"डॉक्टरसाठी हाये थे," मामाजी म्हणाले. सगळी मोटार हसली.

"त्यायनं कधी बिडी नाई ओढली!" मी ओरडले. "वळते ते! तुमी ओढता थ्या कोन वळते, मालूम हाये का?"

घंटी वाजली. भर जंगलात आम्हाला उतरवलं. नियम म्हणे सगळ्यांना सारखा. चुलीत गेला तो सारखेपणा! पुढची मोटार दुपारी तीनला होती. म्हणजे डॉक्टर पुढच्या गुरुवारी.

मोटार हलली तसं पुढच्या खिडकीतून सिगारेटचं थोटूक उडालं आणि पाचोळ्यात पडलं. बघता बघता पाचोळ्यानं पेट घेतला. रस्त्यापलीकडे त्याच ठेकेदाराची तेंदूपानं वाळत पडली होती.

"जळू द्या त्याचा पाला," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

पण मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आगीवर हाणू लागले. एक फटका, मग खोकला, पुन्हा फटका.

"पानं जयली त लोकायनं बिड्या कायच्या वळाव? आपलं सूप रिकामं राहीन नं, बाई."

मी त्यांना ओढून झाडाखाली बसवलं. हिरवी फांदी मोडली आणि ठेकेदाराला, कंडक्टरला, त्या हसणाऱ्या मोटारीला शिव्या घालत, रडत, आग विझवली.

वळून पाहिलं तर मामाजी धापा टाकत स्वतःचाच हात हुंगत होते.

"येते व बाई वास," ते म्हणाले. "कंडक्टरचं तरी काय चुकलं?"

त्या दिवशी ठेकेदाराचा आला नसेल इतका राग मला त्या वाक्याचा आला.