चौदा नंबरची वाजवी किंमत

माझा मेहुणा डेलमार स्कोगेन हेलर काउंटीत डेप्युटी शेरीफ होता. निवृत्तीच्या दिवशी त्याने बिल्ला, पट्टा आणि कमरेचं पिस्तूल शेरीफच्या टेबलावर ठेवलं आणि बदल्यात भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर जायचं नसतं त्याला नेमकं घड्याळच का देतात, हे मला कळलेलं नाही.

चार वर्षांनी काउंटीने सगळ्यांसाठी नवी हलकी पिस्तुलं घेतली आणि जुनी घाऊक व्यापाऱ्याला विकली. ती दोनचार हात फिरून मार्लिस ग्रोथ नावाच्या विक्रेतीकडे आली. ही बातमी डेलमारला फीड स्टोअरमध्ये, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या दुकानात लागली. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याने मला ट्रकमध्ये घातलं आणि जत्रेच्या मैदानातल्या गुरांच्या हॉलकडे निघाला. तिथे वर्षातून दोनदा बंदुकांचा बाजार भरतो. गुरं नसली तरी वास असतोच.

"मला कशाला नेतोयस?" मी विचारलं. मी टेक्निकल कॉलेजात वेल्डरांना व्याकरण शिकवतो. "मला पिस्तुलातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. तू शेजारी उभा राहिलास की मीही अडाणी दिसेन."

त्याला स्वतःचं पिस्तूल परत हवं होतं. पण ते आपलं आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्याच्या मते, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर माया दिसली की किंमत पन्नास डॉलरने चढते. आमच्याकडची माणसं लग्न तीन आठवड्यांत ठरवतात, पण जुनं पिस्तूल घ्यायचं म्हटलं की त्यांना रीतिरिवाज आठवतात. हवं असलेलं पिस्तूल आधी उचलायचं नाही. शेजारचं उचलायचं, तेही विचारून. नळीत बघून 'हं' म्हणायचं. ते 'हं' असं हवं, की विकणाऱ्याला वाटावं आपल्याकडे काहीतरी कुजलंय. मग जागेवर ठेवायचं, हॉलला एक पूर्ण फेरी मारायची आणि जणू रस्ता चुकल्यासारखं परत यायचं.

मार्लिस साठीची बाई. टेबलामागे बसून ती सूर्यफुलाच्या बिया खात होती आणि टरफलं कागदी कपात थुंकत होती. हिरव्या कापडावर काउंटीची तीनच पिस्तुलं उरली होती, चापाला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेली. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, काउंटीचा तारा आणि त्यामागे नंबर कोरलेला: सहा, नऊ, चौदा. सहा आणि नऊवर तीनशे एकोणऐंशी डॉलरची चिठ्ठी. चौदावर चारशे एकोणतीस.

डेलमारने चौदाकडे एकदाही पाहिलं नाही. इतक्या निर्धाराने पाहिलं नाही की मला वाटलं, आता मार्लिसच विचारणार.

"बघू का?" त्याने नऊकडे बोट केलं.

"बघायलाच मांडलंय."

त्याने नऊ उचललं, खिशातल्या छोट्या टॉर्चने नळीत उजेड टाकला. "हं."

"हं तर हं," मार्लिस म्हणाली आणि थुंकली.

त्याने ते ठेवलं आणि आम्ही फेरीला निघालो. फेरी अर्ध्या तासाची झाली, कारण मला भूक लागली आणि पलीकडच्या दाराशी चिझलिक मिळत होतं, काडीला टोचलेल्या तळलेल्या मटणाच्या फोडी. डेलमारने काही खाल्लं नाही. तो मार्लिसच्या टेबलाकडे पाठ करून उभा होता, फोटोसाठी उभं करतात तसा.

आम्ही परत आलो तर चौदा एका बाईच्या हातात होतं.

इथे आमच्या बाजाराचा सगळ्यात पक्का नियम लागू होतो. वस्तू ज्याच्या हातात, बोलणं त्याचं. तो ती टेबलावर ठेवत नाही तोवर दुसऱ्याने किंमत विचारायची नाही, हात पुढे करायचा नाही, घसादेखील खाकरायचा नाही. हा नियम मोडलेल्या माणसाशी लोक चर्चमध्येसुद्धा बोलत नाहीत. डेलमार टेबलापासून दोन हातांवर उभा राहिला आणि छताकडे बघू लागला.

बाई तिशीची असेल. अंगात हॉस्पिटलचा निळा पोशाख, त्यावर शिकारीचं जाकीट. रात्रपाळी संपवून तशीच आलेली दिसत होती.

"तिन्ही एकाच गठ्ठ्यातली, मग हेच पन्नासने महाग का?" तिने विचारलं.

"नळीत बघ," मार्लिस म्हणाली. "खाचांचे पीळ कसे आहेत? काल कापल्यासारखे. आता नऊमध्ये बघ. दिसला फरक? नऊवाला दर शनिवारी डबे फोडायला जात असणार. हे चौदा अठरा वर्षं कमरेला होतं, पण झाडलंय अगदी थोडं. पोलिसाचं पिस्तूल घ्यावं तर असं. बाहेरून झिजलेलं आणि आतून नवं."

"बाहेरून बरंच झिजलंय."

"तो माणूस आळशी होता," मार्लिस निवांतपणे म्हणाली. "उजव्या अंगाचा रंग बघ कसा उडालाय. गाडीच्या दाराला टेकून उभं राहायची सवय. आणि हे मुठीवर, अंगठ्यापाशी. इथे गुळगुळीत झालंय ना? सारखा अंगठा घासत बसायचा. जरा घाबरट असणार. पण तुला काय करायचंय, घाबरट माणसाचं पिस्तूल चांगलं राहतं."

मी डेलमारकडे बघायचं टाळलं. त्याचा उजवा अंगठा जाकिटाच्या चेनवर मागेपुढे फिरत होता.

बाईने पिस्तूल वळवून बघितलं, मग मान वर करून सरळ डेलमारला विचारलं, "सर, तुम्ही माहितगार दिसताय. चारशे एकोणतीस वाजवी आहेत का हो?"

मार्लिस बिया चघळायची थांबली. वस्तू ज्याच्या हातात आहे तोच विचारतोय म्हटल्यावर दुसऱ्याने बोलायला हरकत नसते. मला वाटलं, सुटलो. आता डेलमारने नुसतं नाक मुरडलं असतं, पन्नास जास्त आहेत म्हटलं असतं, तर बाईने चौदा ठेवून दिलं असतं आणि आम्ही जेवणाच्या वेळेला घरी असतो. खोटंही झालं नसतं. पन्नास जास्त आहेत असं कुणीही कशाबद्दलही म्हणू शकतो.

"कशासाठी हवंय?" डेलमारने विचारलं.

"ट्रकमध्ये ठेवायला. हॉस्पिटल चाळीस मैल आहे. हिवाळ्यात येतानाजाताना रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मागच्या महिन्यात एक गाडी अकरा मैल मागे लागली होती."

"हिवाळ्यात."

"हो."

डेलमारने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मग हे घेऊ नका. कडाक्याच्या थंडीत हे चालत नाही."

"ओ साहेब," मार्लिस म्हणाली, "मी हे पिस्तूल खोलून बघितलंय. दहा गोळ्या झाडल्यात यातून."

"कधी?"

"सप्टेंबरात."

"सप्टेंबरात चालतं. जुलैतही चालतं. आमची नेमबाजीची परीक्षा दर जुलैत असायची. जानेवारीत चालत नाही."

"आमची?" मार्लिस म्हणाली.

यानंतर डेलमार जे बोलला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, माझ्या बायकोनेही नाही, आणि ती त्याची सख्खी बहीण आहे. तो बाईकडे बघून बोलत होता, साक्ष देताना बोलायचा तसा, सपाट आवाजात.

अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. कुणाच्या तरी शेडमध्ये चोर शिरल्याचा शेजाऱ्याचा फोन आला. गाडी बर्फात रुतली म्हणून तो पाऊण तास चालत गेला. शेडमध्ये एकजण पाठमोरा होता, तो वळला, हातात काहीतरी लांब होतं. "मी ओरडलो की नाही आठवत नाही. चाप ओढला ते आठवतं. टक् असा आवाज झाला. बस."

"आणि?" बाईने विचारलं.

"सतरा वर्षांचा पोरगा होता. हातात ट्रॅक्टरचा पाना. शेड त्याच्याच काकाचं. म्हणाला, सर, ट्रॅक्टर सुरू होत नाहीये. मग मी त्याला ट्रॅक्टर सुरू करून दिला."

पलीकडच्या टेबलावर एकजण चाकूची धार दाखवायला स्वतःच्या हातावरचे केस काढत होता.

"त्याला कळलं?" बाईने विचारलं.

"त्याला वाटलं मी सेफ्टीचा खटका लावला. त्याचा आवाज झाला म्हणून." डेलमारने अंगठा खिशात घातला. "आता तो विमा विकतो. माझ्या घराचा विमा त्याच्याकडेच आहे. दर नाताळला डुकराच्या मांडीचा मोठा हॅम पाठवतो. त्या दिवशी तुम्ही संयम दाखवलात, असं कार्डावर लिहितो."

तो हॅम मी पंधरा वर्षं खातोय. उत्तम असतो.

मार्लिसने कप बाजूला सारला. "दे इकडे," ती बाईला म्हणाली, आणि बाईने पिस्तूल तिच्या हातात न देता रीतसर कापडावर ठेवलं. मार्लिसने पट्टी कापली, स्लाइड काढली, मागची छोटी झाकणी सरकवून फायरिंग पिन बाहेर घेतली. पिन ज्या भोकातून सरकते त्यात तिने बारीक काडी घातली. काडीवर तपकिरी मेण आल्यासारखं काहीतरी आलं.

"ग्रीस," ती म्हणाली. "जुनं, घट्ट झालेलं. थंडीत गोठतं, पिन हळू जाते, गोळीच्या बुडातल्या टोपीला नुसती टिचकी बसते. पिस्तूल खोललं तेव्हा हे पिनचं भोकही बघायला हवं होतं. चुकलंच माझं." मग तिने डेलमारकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे काढायला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला माहीत असणार."

"माहीत होतं."

"अठ्ठ्याण्णवला कळलं. त्यानंतर किती वर्षं कमरेला लावलंत हे?"

"अकरा."

"अकरा वर्षं असंच?"

"काढणारच होतो," डेलमार म्हणाला. "रोज रात्री काढणार होतो."

बाईने सहा आणि नऊकडे पाहिलं. "नऊमध्ये आहे का असलं काही?" मार्लिसने नऊही तिथल्या तिथे खोललं. ते आत स्वच्छ होतं. बाईने नऊ घेतलं, फॉर्म भरला, मार्लिसने सरकारी पडताळणीसाठी फोन लावून तिची माहिती दिली, होकार आला. जाताना ती डेलमारपाशी थांबली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण रात्रपाळीने ते पळवलं असावं. "थँक्यू, सर," एवढंच म्हणाली.

मग खरी घासाघीस सुरू झाली, आणि ती उलटी होती.

"तीनशे एकोणऐंशी," मार्लिस म्हणाली. "दोष मला दिसला नाही. पन्नास मी कमी करते."

"चिठ्ठीवर चारशे एकोणतीस आहेत."

"आता नाहीत."

"बाई, मी त्या पोरीला घेऊ नको म्हणालो. आता मी स्वस्तात नेलं तर ते काय झालं? तिच्या हातातून काढायला केलेलं नाटक झालं."

"तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही."

"मग?"

"मग चारशे एकोणतीस."

मार्लिसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे बघा. माझ्या टेबलावरून चारशे एकोणतीसला जी वस्तू जाते ती चालते. जानेवारीतही. साफ करून चारशे एकोणतीस, असंच नेलंत तर तीनशे एकोणऐंशी. पाहिजे ते घ्या. पण न चालणारं पिस्तूल पूर्ण पैशाला मी विकत नाही. माझं नाव आहे या हॉलमध्ये."

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाजवी किंमत नावाची गोष्ट डोळ्यांसमोर उभी दिसली, आणि ती फार गैरसोयीची होती. डेलमारला पिस्तूल होतं तसंच हवं होतं. आत ते घट्ट तपकिरी ग्रीस असलेलं, ज्याने तो पोरगा वाचला. त्यासाठीच तो आला होता, हे मला तेव्हा कळलं. पण तसंच न्यायचं तर स्वस्तात न्यावं लागत होतं, आणि स्वस्तात नेलं की त्याचा मघाचा शब्द पन्नास डॉलरला विकला गेला असता.

तो जाकिटाच्या चेनवर अंगठा फिरवत राहिला. मागे रांग लागली. कुणी घसा खाकरला नाही.

"करा साफ," तो म्हणाला.

मार्लिसने खरंच दहाच मिनिटं घेतली. काडी, चिंधी, पुन्हा काडी. चिंधी तपकिरी झाली तशी तिने ती कपात टाकली, टरफलांवर. पिन बसवली, स्लाइड चढवली, नळी जमिनीकडे करून चाप ओढला. कोरडा, स्वच्छ आवाज झाला. डेलमारच्या पापण्या हलल्या.

"आता कधीही चालेल," ती म्हणाली. "गोळ्यांचा डबा देऊ? माझ्याकडून."

"नको."

त्याने पूर्ण पैसे दिले, फॉर्म भरला. फोनवरच्या माणसाने त्याच्याबद्दल खात्री करून घ्यायला बाईपेक्षा जास्त वेळ लावला. मार्लिसने पुठ्ठ्याच्या खोक्यात पिस्तूल घालून त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मी आळशी म्हणाले ते मनावर घेऊ नका."

"दाराला टेकायचो मी," डेलमार म्हणाला.

बाहेर बोचरा वारा होता. ट्रकपाशी त्याने त्याच्या बाजूचं दार उघडलं, खोकं सीटवर ठेवलं, परत उचललं. मग वळसा घालून माझ्या बाजूला आला.

"हे तू धर," तो म्हणाला.

"मी? मला यातलं—"

"माहीत आहे. धर."

आणि अठरा वर्षं जे कमरेला लावून तो हिंडला होता, ते घरी पोहोचेपर्यंत माझ्या मांडीवर होतं. सत्तावीस मैल. चौथ्या मैलाला मी हीटर लावू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, नको, थंडच असू दे.