कॉर्नेलियस तूहीचा डावा पाय

फिलाडेल्फियातल्या आमच्या आयरिश वॉर्डात १८८१ पर्यंत मेलेली माणसंही मत द्यायची. म्हणजे पुढारी गॅफ्नी भाडोत्री माणसं पाठवायचा, ती मयतांची नावं सांगायची आणि मतदान कारकून म्हणून मी मुकाट्याने यादीत खूण करायचो. नोकरी त्यानेच लावली होती ना.

त्या वर्षी ऑनोरा मावशी मतदान केंद्राच्या दाराशी स्टूल टाकून विणत बसली. बायकांना मत नव्हतं, पण बसायला कोण अडवणार? वॉर्डातल्या प्रत्येक मयताला शेवटची आंघोळ तीच घालायची.

पहिल्याच गड्याने नाव सांगितलं, "कॉर्नेलियस तूही."

मावशीने सुया थांबवल्या. "बरा दिसतोस रे, कॉर्नेलियस. मार्चमध्ये तुझे डोळे मीच मिटले होते. आणि लढाईत गेलेला तो डावा पाय परत फुटला वाटतं?"

रांग खदखदून हसली. गडी दोन्ही पायांनी पळाला.

मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू रे? तू तरी जिवंत आहेस ना?"

मी तूहीच्या नावावर काट मारली. त्या दिवशी आमच्याकडे फक्त जिवंत माणसांनी मतं दिली. मावशीचं मत मात्र त्यात नव्हतं.