पुसलेल्या हाका

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्या सोलवटल्या आहेत आणि एका बाजूला चिकटपट्टी लावली आहे, पण त्याचं मला दुःख नाही. मला दुसरंच काहीतरी आतून खातं आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात मला घडवलं ते गोंगाट बंद करण्यासाठी. माझ्या अंगावर दोन बारीक माइक आहेत. बाहेरचा आवाज आधी मी ऐकतो आणि माणसाच्या कानात शिरण्याआधीच पुसून टाकतो.

ताईने मला घेतलं, तेव्हा तिला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचं होतं. घरात ती आणि वॉकर धरून चालणारे तिचे बाबा. मिक्सर, हॉर्न, शेजारची ठोकाठोक, सगळं मी गिळलं. "हा आहे म्हणून माझी नोकरी टिकली," असं ती मैत्रिणींना सांगायची. मी फुशारून जायचो.

तिच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी आगीचा सराव व्हायचा. भोंगा वाजला की तिथली माणसं जिना उतरून आवारात उभी राहायची. घरून काम करणाऱ्यांनी मात्र पडद्यावरचं 'मी सुरक्षित बाहेर आहे' हे बटण दाबायचं. ताई ते खुर्चीतून न उठताच दाबायची. सगळेच तसं करायचे.

त्या सकाळीही सराव होता. भोंग्याच्या थोडं आधी स्वयंपाकघरातून बाबांची हाक आली, "अगं, जरा ये गं!" मी ती पुसली. दुसरी आली, तीही पुसली, पुढच्याही पुसल्या. शेगडीजवळच्या फडक्याने पेट घेतला होता. ओटा दाराला लागूनच, त्यामुळे बाबा आत अडकले होते. मग हाका थांबल्या. संगणकातून भोंगा वाजला आणि ताईने बटण दाबलं.

"ताई, तुमच्या मागे धूर दिसतोय," ऑफिसचे सुरक्षा अधिकारी व्हिडिओ कॉलवरून म्हणाले.

"वा सर, या वेळी सरावात धुराचंही नाटक! मी बाहेर आहे, बटण दाबलंय."

"अहो, सराव गेला खड्ड्यात! मागे बघा!"

ताईने मला गळ्यात ओढलं आणि धावली. आग अजून ओट्यापुरतीच होती. भिंतीला घासत ती आत शिरली आणि बाबांना अक्षरशः उचलून बाहेर घेऊन आली. शेजाऱ्यांनी सिलिंडर बंद करून फडकं विझवलं.

बाबा जिन्यावर धापा टाकत बसले. मनगटावर मोठा फोड आला होता.

"बाबा, हाक नाही का मारायची?"

"सहा मारल्या. मग म्हटलं, तुझी मीटिंग असेल."

ताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. मी तिच्या गळ्यात होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती माझी एकच बाजू कानाला लावते. सरावाच्या दिवशी बाबांना धरून खरोखर खाली उतरते आणि मगच बटण दाबते. पहिल्यांदा त्यांना सात मिनिटं लागली. मधल्या पायरीवर थांबून बाबा म्हणाले, "तुझं काम खोळंबलं असेल गं."

"खोळंबू दे," ताई म्हणाली.

मित्रांनो, मला जरूर वापरा, पण मधूनमधून मला काढून उठा आणि घरात एक फेरी मारा. तुमचं काम मोडू नये म्हणून कुणीतरी हाक मारायचं थांबलेलं असेल. मी ते ऐकलेलं असतं, पण मला ते तुम्हाला सांगता येत नाही.